फाशीच्या घोषणेनंतर

2024च्या ऑगस्टमध्ये बदलापूर स्टेशनात लोक रुळांवर उतरले. गाड्या तासन्‌तास अडल्या आणि घोषणा एकच होती: फाशी द्या. जेमतेम चार वर्षांच्या दोन मुलींवर शाळेतच अत्याचार झाला होता, आणि फिर्याद घेण्याआधी पोलिसांनी पालकांना ताटकळत ठेवलं होतं. राग येणारच, मलाही आला. पुढच्याच महिन्यात आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला आणि काही ठिकाणी पेढे वाटले गेले. मेलेल्यावर खटला चालत नाही. त्या मुलींचं ऐकून घेऊन त्याला दोषी ठरवणारा निकाल आता कधीच लागणार नाही.

आणि फाशी तर कायद्यात आहेच. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या 2012च्या पॉक्सो कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली, तेव्हा सर्वांत गंभीर गुन्ह्यांसाठी ती आली. पण अशा प्रकरणांतले बहुतेक आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात. शेजारी, शिकवणीचे सर, काका, कधी खुद्द बाप. घरातलाच माणूस फासावर जाणार म्हटल्यावर घर तोंड उघडेल की आणखी घट्ट मिटेल?

एका जिल्हा न्यायालयाच्या व्हरांड्यात बसले होते, माझं काम वेगळंच होतं. समोरच्या बाकावर आईला चिकटून एक मुलगी, नऊ-दहा वर्षांची. पलीकडच्या टोकाला, पोलिसाशेजारी तिचा काका. आजी दोघांच्या मधे उभी. तिने पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढला, नातीला दिला, मग जाऊन मुलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि परत येऊन सुनेला म्हणाली, "घरातलं घरात मिटलं असतं गं." सून काही बोलली नाही. मुलीने बिस्किटं खाल्ली नाहीत. दुपारी पुकारा झाला तो पुढच्या तारखेचा. आरोपीचे वकील दुसऱ्या कोर्टात अडकले होते.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपण मोठ्यांना बजावतो. या मुलीला ती चढावीच लागली, आणि तीही पुन्हा पुन्हा.

गंमत अशी (गंमत कसली!) की पॉक्सो वाचायला घेतला तर तो जाणत्या माणसांनी लिहिलेला वाटतो. जबाब शक्यतो मुलाच्या घरी, गणवेशात नसलेल्या महिला अधिकाऱ्याने घ्यायचा. साक्षीच्या वेळी आरोपी मुलाच्या नजरेसमोर येता कामा नये. वकिलाने प्रश्न न्यायाधीशांकडे द्यायचे आणि ते मुलाला न्यायाधीशांनी विचारायचे. उलटतपासणी नकोच, असं मी म्हणणार नाही. आरोपीलाही बचावाचा हक्क आहे, आणि चुकीच्या माणसाला शिक्षा झाली तर मुलाला त्रास देणारा मोकळाच राहतो. पण प्रश्न विचारणं वेगळं आणि पोराला शब्दांत पकडून रडवणं वेगळं. कोर्टाने गुन्ह्याची दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष नोंदवावी आणि खटला शक्यतो वर्षात संपवावा, असंही कायदा सांगतो. त्या 'शक्यतो'मध्ये कितीतरी मुलांचं बालपण सरतं. सातव्या वर्षी घडलेलं बाराव्या वर्षी सांगताना तारीख चुकते, वार चुकतो. बचाव पक्ष तेवढंच धरून बसतो. दरम्यान आजी, मामा, शेजारी कुजबुजत राहतात आणि साक्षीदार फितूर होतात.

माझ्या मते शिक्षेच्या कठोरपणापेक्षा तिची खात्री आणि तिचा वेग मोठा. त्याहून मोठं, कोर्टात गेलेल्या मुलाला आपल्यावर कुणीतरी विश्वास ठेवला असं वाटणं. त्यासाठीच पॉक्सोच्या 2020च्या नियमांत मदतनीस व्यक्तीची तरतूद आहे. पोलीस ठाण्यापासून निकालापर्यंत मुलासोबत राहणारं, पुढची तारीख कधी आणि आत काय होईल ते समजावणारं माणूस. त्या व्हरांड्यात आईखेरीज असं कुणीच नव्हतं.

म्हणून पुढच्या मोर्चाचं निवेदन जिल्हाधिकाऱ्यांना द्याल, तेव्हा फाशीच्या मागणीआधी विचारा: आपल्या जिल्ह्यात किती मुलांना मदतनीस मिळाला, विशेष न्यायालयात मुलांसाठी वेगळी खोली आहे का, आणि तीस दिवसांत किती साक्षी झाल्या? उत्तर लेखी मागा.