पोटावरचा हात

रात्री साडेदहाला शटर ओढत होतो, तेवढ्यात एक बाप दहा वर्षांच्या लेकाला उचलून घेऊन आला. "डॉक्टर, सकाळी बेंबीपाशी दुखत होतं. हिंग लावला, ओवा दिला. आता उजवीकडे दुखतंय. एरंडेल देणारच होतो."

दुखणं असं सरकलं की माझ्या पोटात गोळा येतो. तळवे चोळून गरम केले, डावीकडून तपासायला सुरुवात केली. डोळे मात्र त्याच्या चेहऱ्यावर. उजवीकडे खाली बोट टेकताच त्यानं माझं मनगट घट्ट धरलं. सर्जन चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये अपेंडिक्सच्या दुखण्यासाठी सांगितलेली हीच ती जागा. लगेच चिठ्ठी लिहून सर्जनकडे पाठवलं.

पोट फसवतं. एका काकांची जळजळ मी ॲसिडिटीच समजत होतो, ईसीजीत हार्ट अटॅक निघाला. तेव्हापासून काकांच्या वयाच्या माणसाचं वरचं पोट दुखलं की आधी ईसीजी. पाळी चुकलेल्या बाईचं ओटीपोट दुखलं, तर गरोदरपणाची तपासणी.

पहाटे सर्जनचा फोन आला. अपेंडिक्स सुजलं होतं, फुटलं नव्हतं.

पोट जोरात दुखत असेल तर एरंडेल किंवा जुलाबाचं कुठलंही औषध घरी देऊ नका. आधी डॉक्टरांचा हात पोटावर पडू द्या.