एका अक्षराचा पत्ता : ७६११५५

जीवशास्त्राच्या मुलांना जीनोम शिकवायचा म्हटलं की सुरुवात बहुतेक वेळा माणसापासून होते. तीन अब्ज अक्षरं, १९९० ते २००३ असा चाललेला जागतिक प्रकल्प, मग फळ्यावर सँगर पद्धतीची आकृती. मुलं ती जर्नलमध्ये काढतात, परीक्षेत लिहितात आणि खरा डेटा एकदाही न बघता पदवी घेऊन बाहेर पडतात. मी सूक्ष्मजीवांच्या जीनोमवर काम करते आणि शिकवतेही. माझा आग्रह असा की सुरुवात क्षयाच्या जिवाणूपासून करावी, आणि त्यातही एका अक्षरापासून.

या जिवाणूच्या 'एच३७आरव्ही' स्ट्रेनचा संपूर्ण क्रम १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ४४ लाख अक्षरं, चारेक हजार जनुकं. साध्या लॅपटॉपला झेपेल एवढाच पसारा. जगभरच्या रुग्णांमधून मिळालेल्या जिवाणूंचे क्रम सार्वजनिक संग्रहात मोफत मिळतात. शिवाय रोग आपल्या ओळखीचा. सहा महिन्यांच्या गोळ्यांचा कोर्स घरात किंवा शेजारी पाहिलेलं कुणी ना कुणी वर्गात असतंच.

पहिल्या दिवशी मी कच्ची फाइल उघडायला लावते. सिक्वेन्सिंग यंत्र जीनोम सलग वाचत नाही; दीडशे-दीडशे अक्षरांचे लाखो तुकडे देतं. त्यांना आम्ही रीड म्हणतो. प्रत्येक रीडच्या चार ओळी: नाव, अक्षरं, अधिकचं चिन्ह, आणि शेवटी विचित्र खुणांची एक ओळ. त्या ओळीत प्रश्नचिन्हं दिसली की मुलांना वाटतं, इथे यंत्र गोंधळलंय. प्रत्यक्षात प्रश्नचिन्हाचा अर्थ, हे अक्षर चुकीचं असण्याची शक्यता हजारात एक. पाचचा आकडा म्हणजे शंभरात एक. यंत्र प्रत्येक अक्षरासोबत स्वतःची खात्री किती तेही सांगतं, हे कळल्यावर मुलं फाइल वेगळ्या नजरेनं वाचायला लागतात.

मग हे रीड संदर्भक्रमावर, म्हणजे एच३७आरव्हीच्या क्रमावर, जुळवायचे. पोथीचा संपादक अनेक प्रती शेजारी ठेवून पाठभेद टिपतो, तसंच हे काम. जुळणी झाली की सगळ्यांनी ७६११५५ या स्थानावर जायचं. तिथे 'आरपीओबी' हे जनुक आहे. आरएनए तयार करणाऱ्या एन्झाइमचा एक भाग त्यातून बनतो आणि रिफॅम्पिसिन हे औषध नेमकं तिथेच चिकटून जिवाणूला रोखतं. संदर्भक्रमात इथे 'सी' आहे. काही रुग्णांच्या जिवाणूंत 'टी' दिसतो. टीसीजीचं टीटीजी होतं, सेरीनच्या जागी ल्युसीन येतं, औषधाची पकड सुटते आणि रिफॅम्पिसिन लागू पडत नाही. ४४ लाखांतलं एक अक्षर बदललं की डॉक्टरांना उपचार बदलावा लागतो.

खरं शिक्षण इथून पुढे सुरू होतं. त्या स्थानावर साठ रीड आहेत आणि अठ्ठावन्नांत 'टी' आहे, तर निष्कर्ष सोपा. पण तीस 'सी' आणि तीस 'टी' निघाले तर? रुग्णात दोन प्रकारचे जिवाणू एकत्र असतील, किंवा प्रयोगशाळेत नमुन्यांची सरमिसळ झाली असेल. चारच रीड असतील तर? सॉफ्टवेअर तेव्हाही उत्तर देऊ शकतं. ते मानायचं की नाही, हे जीवशास्त्र जाणणाऱ्यानं ठरवायचं. याच जीनोममध्ये 'पीई' आणि 'पीपीई' नावाची एकमेकांसारखी दिसणारी जनुकं आहेत; प्रथिनं घडवणाऱ्या भागाचा सुमारे दहावा हिस्सा त्यांचा. दीडशे अक्षरांचा तुकडा त्यांतल्या नेमक्या कोणत्या जनुकाचा, हे पुष्कळदा सांगता येत नाही. म्हणून अनेक विश्लेषणांत तो भाग मुद्दाम वगळतात.

आपले विद्यार्थी हे करू शकतात याबद्दल मला शंका नाही. सीएसआयआरच्या 'ओपन सोर्स ड्रग डिस्कव्हरी' उपक्रमात २०१० च्या सुमारास देशभरच्या विद्यार्थ्यांनी याच जिवाणूच्या जनुकांची माहिती नव्यानं तपासून लिहिली होती. महागडं यंत्र विकत घ्यायची गरज नाही. कॉलेजातली संगणकांची एक खोली, इंटरनेट आणि मोफत सॉफ्टवेअर पुरतं. लागतो तो वेळ, आणि मुलांना प्रश्न विचारू देणारा शिक्षक.

पुढे यांतलीच काही मुलं निदान प्रयोगशाळांत बसतील आणि रुग्णाच्या अहवालावर सही करतील. ज्यानं एकेक रीड स्वतः डोळ्यांखालून घातलाय, त्याला पुरावा अपुरा असताना 'निष्कर्ष काढता येत नाही, नमुना पुन्हा पाठवा' असं लिहिण्याचं बळ येतं. ते बळ पदवीच्या वर्गातच मिळायला हवं.