चालिप्पुळेत उतरण्याआधी

कोलाडला कयाक शिकलेल्या माणसाला वेळेवर येणाऱ्या पाण्याची सवय लागते. मुळशीच्या तलावातलं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून खाली येतं, कुंडलिकेत सोडलं जातं आणि सकाळचे काही तास नदी भरून वाहते. वीजघर थांबलं की थोड्या वेळाने त्याच जागी दगड उघडे पडतात. एडीत, म्हणजे खडकामागच्या शांत पाण्यात शिरणं, उलटल्यावर पाण्याखालूनच कयाक सरळ करणं, उतारावर नजर पुढे ठेवणं, हे सगळं मी तिथे शिकले. पाणी किती येणार हा विचार मात्र तिथे कधी करावा लागला नाही. तो चालिप्पुळेने करायला लावला.

चालिप्पुळा म्हणजे केरळातल्या कोळिकोड जिल्ह्यातला डोंगरी ओढा. वायनाडच्या घाटाखाली तुषारगिरीच्या धबधब्यांपाशी तो आकार घेतो, कोडंचेरीच्या रबर-सुपारीच्या बागांमधून पुलिक्कयमकडे उतरतो, पुढे इरुवंजिप्पुळेला आणि तिच्याबरोबर चालियारला मिळतो. 2013 पासून इथे पावसाळ्यात मलबार रिव्हर फेस्टिव्हल भरतो आणि देशोदेशीचे कयाकपटू येतात. वर धरण नाही, पाण्याचं वेळापत्रक नाही. घाटात पाऊस पडला की ओढा चढतो, थांबला की उतरतो. दोन्ही काही तासांत.

आमच्या गटात चौघं होतो. त्यातले दोघं जुने गिर्यारोहक, त्यामुळे तयारीची सुरुवात नकाशाने झाली. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 च्या नकाशावर समोच्च रेषा 20 मीटरच्या अंतराने असतात. ओढ्याची रेघ अशा दोन रेषा कुठे-कुठे ओलांडते ते बघायचं, मधलं अंतर दोऱ्याने मोजायचं, की त्या टप्प्याचा उतार कळतो. किलोमीटरला 20 मीटर पडणारा ओढा आणि 60 मीटर पडणारा ओढा यांत फार फरक आहे. पण सरासरी फसवी असते. त्या 20 मीटरांतले बारा एकाच कड्यावरून पडत असतील, तर बाकीचा ओढा संथ असून तुमच्या काही कामाचा नाही. म्हणून उपग्रहचित्रं बघायची, उन्हाळ्यातली. तेव्हा खडक उघडे असतात. पांढरा फेस कुठे दिसतो, पात्र अचानक कुठे अरुंद होतं, काठावरून रस्ता कुठे जवळ येतो, ते सगळं आम्ही नोंदवलं.

मग पावसाचं गणित. एक चौरस किलोमीटरवर 10 मिलिमीटर पाऊस म्हणजे एक कोटी लिटर पाणी. ते तासाभरात ओढ्याला आलं तर जवळपास 100 क्युसेक. वीस चौरस किलोमीटरचा पाणलोट धरला आणि निम्मं पाणी मुरलं असं मानलं, तरी 1000 क्युसेक. खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याच्या बातम्या वाचणाऱ्या पुणेकराला हा आकडा लहान वाटेल. दोन खडकांमधल्या दहा-बारा फुटांच्या वाटेत तो लहान नसतो.

इंटरनेटवर या ओढ्याचे व्हिडिओ पुष्कळ आहेत. आमच्यातल्या सर्वांत तरुण मुलाला ते पाठ होते. "ताई, इथे उजवीकडून घेतलं की सरळ सुटतो," असं तो पडद्यावर बोट ठेवून सांगायचा. मी त्याला एकच विचारायची, "त्या दिवशी पाणी किती होतं?" व्हिडिओतली वाट त्या दिवशीच्या पाण्याची असते. फूटभर पाणी चढलं की जिथून उडी घ्यायची तो खडक बुडतो आणि त्याच्या मागे पाणी उलटं फिरायला लागतं. दुसऱ्याच्या धाडसाची फीत बघून आखलेल्या बेताला मी बेत म्हणत नाही.

आमच्या नकाशावर सर्वांत ठळक लाल खुणा दोन गोष्टींच्या होत्या. एक, बंधारे. चेंबुकडवूला छोटा जलविद्युत प्रकल्प आहे, त्यासाठी पाणी अडवून वळवलेलं आहे. सरळ भिंतीवरून पडणारं पाणी खाली काठापासून काठापर्यंत एकसारखं उलटं फिरतं. नैसर्गिक खडकाखालच्या होलला, म्हणजे अशा उलट्या फिरणाऱ्या पाण्याला, बहुतेक वेळा एखादी बाजू सुटलेली असते, भिंतीखाली ती नसते. वरून बघताना असा बंधारा निरुपद्रवी दिसतो, त्यामुळे तो जास्त घातक. दुसरी खूण पडलेल्या झाडांची. पाणी फांद्यांमधून निघून जातं, कयाक आणि माणूस अडकतो. झाडं नकाशावर सापडत नाहीत आणि दर पावसात नवी पडतात. म्हणून जिथे पुढचं वळण दिसत नाही तिथे उतरून काठाने चालत जायचं, हे आधीच लिहून ठेवलं.

सामानाबद्दल थोडक्यात सांगते. कयाक आखूड, फुगीर आणि बोथट नाकाची हवी. उडीनंतर ती चटकन वर येते आणि खडकांत कमी रुतते. हेल्मेट, लाइफ जॅकेट, प्रत्येकाजवळ दोर भरलेली थ्रो-बॅग आणि शिटी, गटाजवळ जास्तीचं वल्हं, कॅराबिनर, पुली आणि औषधं. दोर अंगावर नसून गाडीत असेल तर तो नाहीच असं समजायचं.

एका गोष्टीवर मात्र बरीच संध्याकाळ गेली: परत कधी फिरायचं. गटातल्या डॉक्टर मैत्रिणीचा आग्रह होता की हा निर्णय पुण्यातच, कोरड्या अंगाने व्हायला हवा. थंडीने बोटं आखडलेली असताना, एक टप्पा छान सुटल्याच्या आनंदात, पुढचा निर्णय नीट होत नाही. मग नियम ठरले. हवामान खात्याचा केशरी किंवा लाल इशारा असेल तर उतरायचं नाही. दर पुलापाशी थांबून पाणी बघायचं. आणि चौघांपैकी एकाने 'नको' म्हटलं तर कारण न विचारता सगळ्यांनी बाहेर यायचं. या शेवटच्या नियमाला तरुण मुलाची हरकत होती. पण 30 जुलै 2024 च्या पहाटे वायनाडमध्ये मुंडक्कै-चूरलमलाला जे झालं, ते आम्हा सगळ्यांच्या मनात ताजं होतं. वेल्लरीमला डोंगराच्या त्या बाजूने दरड गावांवर आली, माणसं चालियारमधून मैलोगणती खाली वाहत गेली. इरुवंजिप्पुळाही त्याच डोंगरात उगम पावते. हौसेसाठी आलेल्या चौघांना शोधायला त्या भागातल्या लोकांना पुन्हा नदीत उतरावं लागू नये, असं मैत्रीण म्हणाली. त्यानंतर हरकत उरली नाही.

कोडंचेरीत ज्यांच्याकडे राहिलो ते रबराचे बागायतदार होते. आम्ही त्यांना चेट्टन म्हणायचो. तरुणपणी मुंबईत काम केल्यामुळे त्यांना हिंदी छान येत होती. आमचा नकाशा त्यांनी चष्मा लावून शांतपणे बघितला आणि आम्हाला ओढ्यावरच्या पुलाशी घेऊन गेले. खांबावरचा शेवाळाचा पट्टा दाखवून म्हणाले, पाणी याच्या खाली असलं तर पोरं पोहतात, वर गेलं की आम्ही गुरंही नेत नाही. इथे ऊन असलं तरी वर घाटात ढग फुटलेला असू शकतो. पाणी गढूळ झालं, त्यात पानं-काटक्या वाहायला लागल्या की लोंढा मागून येतोय असं समजा. आमच्या सगळ्या आकड्यांना तो पट्टा जोडला गेला, तेव्हा बेत पुरा झाला.

दुसऱ्या दिवशी केशरी इशारा आला. आम्ही उतरलो नाही. काठाने चालत नियोजित टप्पा बघितला. एका वळणावर सुपारीचं झाड आडवं पडलेलं होतं, उन्हाळ्याच्या चित्रात नसलेलं. ते नकाशावर चढलं. त्याच्या पुढच्या दिवशी इशारा पिवळ्यावर आला, पाणी पट्ट्याच्या खाली गेलं आणि सकाळी आम्ही कयाक ओढ्यात टाकल्या.

ते पाणी फार सुंदर होतं. काळ्या खडकांच्या पायऱ्यांवरून हिरवट धार उतरते, प्रत्येक पायरीखाली छोटा डोह, डोहाच्या कडेला श्वास घ्यायला एडी. वळणावर आधीच बाहेर आलो आणि आडव्या झाडाला वळसा घालून कयाक खांद्यावर नेल्या. पुढच्या उतारावर तरुण मुलाने व्हिडिओत पाठ केलेली ती उडी घेतली, उजवीकडून नव्हे, डावीकडून. त्या दिवशीच्या पाण्याची वाट तिथे होती. त्याचा आनंद बघून मीही मोठ्याने ओरडले.

पुलापाशी थांबलो तेव्हा पाणी पट्ट्याला टेकलेलं होतं आणि रंग पालटत होता. 'नको' म्हणाला तो तरुण मुलगाच. कुणी कारण विचारलं नाही.

संध्याकाळी चेट्टनच्या ओसरीवर बेंगळुरूचा एक गट आला, दुसऱ्या दिवशी जाणारा. आमचा नकाशा आम्ही त्यांच्यासमोर पसरला, झाड कुठे, बाहेर कोणत्या काठाने यायचं, पट्टा कोणत्या खांबावर, ते सगळं दाखवलं. "आणि पुलाच्या खालचं?" त्यांच्यातल्या एकीने विचारलं. खालच्या भागातले उतार आम्ही नकाशावरून काढलेले होते, ते दिले. तिथे आम्ही गेलो नाही, हेही पेन्सिलीने बाजूला लिहिलं.