राब

परंदवडीच्या मामांच्या आजाराचे नाव कानी पडले, तेव्हा मला, मराठीच्या शिक्षकाला, आधी सुचला तो शब्दविचार. स्वादुपिंड. ‘स्वादु’ म्हणजे गोड, रुचकर. आणि मामांची तर अन्नावरची वासनाच उडाली होती. जठरामागे खोल दडलेल्या या अवयवातला कर्करोग बहुधा उशिरा कळतो. मामांचाही उशिराच कळला. त्या क्षणी शब्दांच्या आडोशाला गेल्याची लाज मला अजून वाटते.

एका संध्याकाळी पडवीत मामांनी विचारले, “यावर कुणी काही शोधतंय का रे?”

“शोधताहेत की, मामा,” मी म्हणालो. उत्तर खोटे नव्हते, अपुरे होते.

पुढे वाचताना ‘ट्रान्सलेशनल रिसर्च’ ही संज्ञा भेटली. प्रयोगशाळेतले ज्ञान रुग्णाच्या खाटेपर्यंत नेणारे संशोधन. म्हणजे एका अर्थी भाषांतरच. एका भाषेतले दुसरीत जसेच्या तसे उतरत नाही, हे आपण जाणतो. उंदरात गुण दाखवणारे औषध माणसातही तो दाखवीलच असे नाही. आणि भाषांतराच्या पहिल्या खर्ड्याला कोणी मानधन देत नाही, तशीच या कामाच्या पहिल्या टप्प्याची गत. अनुदान मागायला प्राथमिक निष्कर्ष हवेत, आणि निष्कर्षांसाठी अनुदान. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या बहुसंख्य रुग्णांत केआरएएस या जनुकात बिघाड आढळतो. रास कुळातील जनुकांचा मानवी कर्करोगाशी संबंध १९८२ मध्ये उघड झाला. केआरएएसच्या एका बिघाडावरचे पहिले औषध अमेरिकेत मान्य झाले २०२१ मध्ये, तेही फुप्फुसाच्या कर्करोगासाठी. मधली ३९ वर्षे कोणीतरी पोसावी लागली.

मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. दोराबजींनी १९३२ मध्ये त्यांच्या नावे न्यास स्थापला, त्याच रोगाच्या संशोधनासाठी. आणि त्याच वर्षी तेही गेले. जिला औषध हवे होते ती नव्हती, देणाराही फळ पाहायला उरला नाही. अशा देण्याला दान म्हणावे की पेरणी?

मावळात पावसाआधी राब भाजतात. शेण, पालापाचोळा, गवत पसरून जाळायचे, त्या भाजलेल्या जमिनीत भाताचे बी टाकायचे. रोपे वर आली की लावणी. लावणीची गाणी आहेत, इंद्रायणीच्या वासाचे कौतुक आहे; राबाच्या वाट्याला धूर आणि राख. मामा मात्र म्हणत, “राब चुकला की साल चुकलं.”

त्या वर्षी लावणीच्या आधीच मामा गेले. त्यांनी भाजलेल्या राबातली रोपे मामेभावाने लावली, आणि दिवाळीनंतर तो तांदूळ नेहमीसारखा आमच्या घरी आला. पहिला घास घेताना मामांचा प्रश्न आठवला. माझ्या ‘शोधताहेत’मध्ये मी स्वतः कुठेच नव्हतो, सारे काम ‘ते’ करीत होते.

तेव्हापासून दरवर्षी राबाच्या दिवसांत मी कर्करोगाच्या संशोधनासाठी थोडी रक्कम पाठवतो. रक्कम एवढीशीच, ओंजळभर पाल्याइतकी. पण मामांना दिलेले उत्तर त्यामुळे तेवढेच कमी अपुरे होते.