पेशव्याची पेटी

आर्वीच्या आमच्या घरात एक लाकडी पेटी आहे. तिला आम्ही भावंडे लहानपणापासून 'पेशव्याची पेटी' म्हणतो. अब्बांचा धंदा रद्दीचा. गावातले एक निवृत्त गुरुजी वारले, मुलांनी घर रिकामे केले आणि चार पोती पुस्तके किलोच्या भावाने आमच्या दुकानात आली. पंचांगे, क्रमिक पुस्तके, मासिकांचे गठ्ठे, आणि तळाशी पिवळे पडलेले खंड : 'पेशवे दफ्तरातून निवडलेले कागद'. संपादक गोविंद सखाराम सरदेसाई. मुंबईच्या सरकारी छापखान्यात १९३० ते १९३४ या काळात निघालेला ४५ खंडांचा हा संच. आमच्याकडे आले ४१.

अब्बा ते वखारीत पाठवणारच होते. सहज एक पान उघडले आणि थबकले. ब्राह्मण कारकुनाने ब्राह्मण पेशव्याला लिहिलेले पत्र, आणि तारीख रमजानची! दुसऱ्यावर जिल्हेज, तिसऱ्यावर जमादिलाखर. तारखेच्या आधी 'छ' हे अक्षर. पुढे एका मास्तरांनी उलगडा केला : छ म्हणजे चंद्र. अब्बा हसून म्हणाले, "म्हणजे चांद. हे लोक आपलाच चांद बघत होते की."

सालाची मौज तर त्याहून मोठी. 'इहिदे सितैन मया व अलफ' असे लिहिलेले असे. आम्हाला तो मंत्रच वाटे. अब्बा मदरशात थोडे अरबी शिकले होते. बोटांवर मोजून त्यांनी सांगितले : एक, साठ, शंभर, हजार. झाले ११६१. हा सुहूर सन. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १७६०-६१. महिने हिजरीचे, पण वर्ष बदलायचे मृग लागल्यावर, शेतकऱ्याच्या सोयीने. आमच्या वर्धा जिल्ह्यात कपाशीची पेरणीही मृगाच्याच भरवशावर. त्यामुळे हा हिशेब अम्मीलाही लगेच पटला. सनद, रयत, कौलनामा, मोर्तब, फडणीस... घरात बोलतो ते आणि शाळेत शिकतो ते, दोन्ही या पानांत शेजारी शेजारी बसलेले होते.

शाळेत मात्र वेगळेच होते. पानिपतचा धडा आला की अख्खा वर्ग आमच्याकडे वळून बघायचा, जणू अब्दाली आमचा मामा. खाली मान घालून बसायचो. एकदा घरी येऊन धाकट्याने रडत विचारले, "अब्बा, आपण कोणाकडून लढलो?" अब्बांनी पेटी उघडली. तिथे नेमका दुसरा खंड नव्हता, 'पानिपत प्रकरण'. गहाळ चारांपैकी एक तोच. त्या रात्री अब्बांनी इब्राहिमखान गारद्याची गोष्ट तोंडीच सांगितली. निजामाची चाकरी सोडून आलेला, भाऊसाहेबांच्या तोफा आणि पायदळ सांभाळणारा, १४ जानेवारी १७६१ रोजी जखमी होऊन पकडला गेलेला आणि कैदेत मारला गेलेला. "धाकट्या, उद्या वर्गात हे सांग." तो काही बोलला नाही. आम्हीही नाही बोललो. हे आजही खटकते.

मोठ्या आपाच्या लग्नाच्या वेळी पुण्याचा एक जुन्या पुस्तकांचा व्यापारी आला होता. पूर्ण संच असता तर चांगली रक्कम दिली असती, चार खंड कमी म्हणून त्याने निम्मेच सांगितले. पैशांची निकड होती. अब्बा रात्रभर पेटीजवळ बसले. सकाळी त्यांनी दुकानातला तराजू आणि अम्मीच्या बांगड्या विकल्या. पेटी राहिली. अम्मीने कितीतरी दिवस त्यांना माफ केले नाही, आणि खरे सांगायचे तर तिचेही चुकले नव्हते.

अब्बा गेल्यावर एका वाचनालयाकडे आम्ही खंड घेऊन गेलो. तिथले गृहस्थ नावे वाचून म्हणाले, "तुमच्याकडे हे कसे?" उत्तर न देता परत आलो.

आता या खंडांच्या छायाप्रती इंटरनेटवर मिळतात. व्यापाऱ्यांना पूर्वीसारखा रस उरलेला नाही. गेल्या रमजानमध्ये पुतण्याने दुसरा खंड मोबाइलवर उतरवून घेतला. इफ्तारनंतर आम्ही सगळे भोवती बसलो. त्याने वाचायला सुरुवात केली आणि पहिल्याच तारखेपाशी अडला.

"चाचा, हे छ काय आहे?"

धाकटा पुढे सरकला.