मधले चार दिवस

आमच्या दादाच्या वादळाची गोष्ट ऐकली नाही असा माणूस मिरकरवाड्यात सापडणे कठीण. चाळीस वर्षांपूर्वी, आश्विनात, दादा तांडेल असलेली होडी वादळात सापडली आणि चौथ्या दिवशी परत आली. दरवर्षी गणपतीत आरत्या आटोपल्या, चहाचे पेले फिरले, की कुणीतरी म्हणतेच, "दादा, होऊन जाऊ द्या वादळ!" मग दादा मांडी बदलतो आणि सुरू करतो. वारा कसा फिरला, यंत्र कसे बंद पडले, नांगर गेल्यावर जाळ्यांचा गठ्ठा दोराला बांधून पाण्यात सोडला तेव्हा होडीचे तोंड लाटांकडे कसे राहिले, तिसऱ्या रात्री यंत्र पुन्हा कसे धडधडू लागले, आणि पहाटेपूर्वी रत्नदुर्गावरच्या दीपगृहाचा उजेड कसा दिसला! बरोबर वीस मिनिटांची गोष्ट. त्या वेळी वहिनी स्वयंपाकघरात असते. ऐकून ऐकून तिला कंटाळा आला असेल, असे आम्ही आपले समजत होतो.

ही समजूत चुकीची होती हे मला कळले ते एका सिनेमामुळे. आणि तोही शंभर वर्षांपूर्वीच्या, एक शब्द न बोलणाऱ्या सिनेमामुळे.

दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' काढला हे शाळेतली मुलेही सांगतात. 1919 साली त्यांनी 'कालिया मर्दन' काढला. त्यात बाळकृष्णाचे काम त्यांच्या मुलीने, मंदाकिनीने केले. त्यांचे पुष्कळसे चित्रपट काळाने गिळले. हा मात्र बराचसा शिल्लक राहिला. पुण्याला 1964 साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, आणि पी. के. नायर यांच्यासारख्या चिकाटीच्या माणसाने फाळक्यांची उरलीसुरली रिळे तिथे आणून जपली, म्हणून. नोकरीनिमित्त पुण्यात होतो तेव्हा मी तो प्रथम पाहिला. सुरुवातीलाच मंदाकिनी नुसती आपल्यासमोर येते आणि हसून, रागावून, रडून दाखवते. मग त्याच मुलीचा कृष्ण होतो. जादूगाराने आधी रिकामी टोपी दाखवावी आणि मगच ससा काढावा, तसा हा प्रकार. खोड्या चालतात, एका झोपलेल्या नवऱ्याची दाढी बायकोच्या केसांना बांधली जाते, आणि शेवटी यमुनेत उडी, पाण्याखाली नागाशी झुंज आणि फणेवर उभा राहिलेला गोपाळ.

सभागृहात त्या दिवशी संगीत नव्हते. खुर्च्यांची करकर आणि खोकले एवढेच पार्श्वसंगीत. तरी मी बाहेर पडलो तो भारावून.

यंदा गोकुळाष्टमीला मिरकरवाड्याला गेलो होतो. दादाचा नातू मुंबईला चित्रपटांचे संकलन शिकतो. तोही आला होता. हा चित्रपट आता इंटरनेटवर कुणालाही पाहता येतो. तेव्हा अंगणात चादर बांधून तो सगळ्यांना दाखवायचे ठरले. पण नातवाने अट घातली. "काकाआजोबा, मुका नाही दाखवायचा. आवाज मी घालणार आणि थोडा कापणारही."

मी जरा कुरकुरलो, तेव्हा त्याने मला 'लेजंड' नावाच्या एका इंग्रजी चित्रपटाची हकीकत सांगितली. रिडले स्कॉटचा हा 1985 सालचा चित्रपट. राक्षस, राजकन्या, एकशिंगी शुभ्र घोडे, असा सगळा परीकथेचा मामला. युरोपात तो जेरी गोल्डस्मिथ यांच्या वाद्यवृंदाच्या संगीतासह लागला. अमेरिकेसाठी मात्र कापून आखूड केला आणि 'टँजरीन ड्रीम' या जर्मन मंडळींचे विजेच्या वाद्यांचे संगीत त्याला चढवले. पुढे 2002 साली गोल्डस्मिथ यांच्या संगीताची मोठी आवृत्तीही बाहेर आली. नट तेच, राक्षस तोच; पण एकीकडे जुनी दंतकथा वाटावी आणि दुसरीकडे कालपरवाचे स्वप्न. "मग खरा चित्रपट कुठला?" पोराने मलाच विचारले.

मला उत्तर सुचले नाही. शिवाय विचार केला तर आपल्या मूकपटांनाही एकच एक आवाज कधी नव्हताच. पडद्यापुढे पेटी-तबलेवाले बसत, समोरचे चित्र पाहून हाताला येईल ते वाजवत. गाव बदलले की वादक बदलले, आणि वादक बदलले की चित्रपटही थोडासा बदलला. इतकेच काय, त्याचा वेगही पक्का नसे. तेव्हाचा कॅमेरा हाताने फिरवायचा. सेकंदाला सोळा-अठराच्या आसपास चित्रे घेतली जात. तीच पुढे बोलपटाच्या चोवीस चित्रांच्या वेगाने धावू लागली, म्हणून जुन्या चित्रपटांतली माणसे तुरूतुरू पळताना दिसतात. खुद्द फाळक्यांनाही हे चुकले नाही. 1931 साली 'आलम आरा' बोलू लागला, आणि मूकपट म्हणून काढलेल्या त्यांच्या 'सेतुबंधन'ला मागाहून आवाज जोडावा लागला.

तर पोराने दुपारभर खटपट केली. मला तीन मासले दाखवले. पहिल्यात विलायती व्हायोलिने. ती सुरू झाली मात्र, उडी मारणारा कृष्ण एकदम एवढेसे घाबरलेले लेकरू दिसू लागला. दुसऱ्यात नुसती बासरी. तीत नागसुद्धा गरीब वाटला. तिसऱ्यात आमच्याकडच्या नमनाचा मृदंग आणि झांजा. झाले! यमुनेचा डोह तोच, पण तिथे जत्रा भरली. अर्थातच तिसरा पसंत पडला.

संध्याकाळी अंगण भरले. शेजारचे चाचा आणि चाची खुर्च्या घेऊन आली. चाचा त्या वादळात दादाच्याच होडीवर खलाशी होते. दाढी-केसांच्या गाठीला पोरे लोळून हसली. "ही पोरगी हाय होय?" म्हणून वहिनीने कौतुक केले. मृदंग चढत गेला, कृष्णाने उडी घेतली, झुंज झाली, तो फणेवर उभा राहिला. टाळ्या!

टाळ्या थांबल्यावर वहिनीने विचारले, "एवढ्यात वर आला? आनि ह्यात गोकूळ कुठं हाय?"

नातू हसला. "आजी, ते मी काढलं. काठावर ते नुसते रडत असतात. तिथं काही घडत नाही."

"काय घडत न्हाय म्हनतोस?" वहिनी म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण अंगण गप्प झाले.

पोरगा शहाणा. वाद न घालता त्याने शेवटचा भाग आहे तसा, अखंड लावला. त्याला मृदंग बेतलेला नव्हता, म्हणून तो मुकाच. आता झुंज सलग राहिली नाही. पाण्याखालचे दृश्य, मग काठ; पुन्हा पाणी, पुन्हा काठ. नंद, यशोदा, सारे गोकूळ पाण्याकडे पाहत ऊर बडवते आहे. खाली काय चालले आहे ते आपल्याला दिसते, त्यांना नाही. मघाशी मी नागाकडे पाहत होतो. आता नजर यशोदेवरून हलेना. चित्रे तीच, गोष्ट तीच. पण मघाची शूराची होती, ही आईची झाली.

एवढ्यात बंदरात शिरणाऱ्या एका लाँचचे यंत्र दुरून ऐकू आले. सगळे पडद्याकडे पाहत होते. वहिनीची मान मात्र आवाजाकडे वळली, आणि चाचीचीही.

दादाने ते पाहिले. चित्रपट संपल्यावर पोरे पांगली, तेव्हा त्याने विचारले, "आवाजाकडं काय बघत होतीस?"

"सवय," वहिनी म्हणाली. मग थोड्या वेळाने, आपणहून बोलू लागली. त्या चार दिवसांत ती आणि चाची धक्क्यावर बसून होत्या. पावसाने समोरचे काही दिसत नव्हते, म्हणून डोळ्यांचा उपयोग नव्हता. नुसते कान लावायचे. आपल्या होडीच्या यंत्राचा दर चौथा ठोका जरा चुकायचा, तो ओळखीचा. येणारे प्रत्येक यंत्र मोजायचे. तीन ठोके, चौथा नीट पडला की आपले नव्हे. असे किती मोजले त्याला गणती नाही. रोज रात्री दादाच्या वाटणीचा भात शिजवायचा आणि सकाळी कुत्र्याला घालायचा. "भात शिजवला न्हाय तर ह्यांना गेलेलं धरल्यासारखं झालं असतं," ती म्हणाली. "शेवटच्या पहाटे तो चुकलेला ठोका सगळ्यांच्या आधी मी ऐकला. दिवा दिसायच्या आधी. चाचीला हलवून उठवलं."

चाचीने नुसती मान डोलावली.

दादा चाळीस वर्षे सांगत आला होता की शेवटी दीपगृहाचा उजेड दिसला. आपला आवाज त्याआधीच घरी पोचला होता हे त्याला ठाऊक नव्हते. आम्ही कुणी विचारलेच नव्हते. आम्हालाही वाटे, काठावर काही घडत नाही.

त्यानंतरच्या गणपतीत आरत्या झाल्या, चहा झाला, आणि कुणीतरी नेहमीप्रमाणे म्हणाले, "दादा, होऊन जाऊ द्या वादळ!" दादाने मांडी बदलली, वारा फिरवला, यंत्र बंद पाडले. आणि तिथेच थांबला. स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून म्हणाला, "अगो, बाहेर ये. इथनं पुढचं तुझं हाय."

वहिनी पदराला हात पुसत आली आणि दारातच बसली. गोष्ट त्या रात्री वीस मिनिटांत संपली नाही. चहा पुन्हा एकदा ठेवावा लागला. तो दादाने ठेवला.