सही मागे घेताना

गेल्या वर्षी मुलाकडे न्यूयॉर्कला गेलो होतो. एका दुपारी सूनबाई म्हणाली, "अब्बा, चला, कार्नेगी हॉल दाखवते." मी म्हटले, "बेटा, त्या पाश्चात्त्य संगीतातले मला काय कळणार?" ती हसली, "गाणे नाही, इमारत बघायची आहे. आणि आपल्या माहीमच्या झाकीर हुसेनांचा तबलाही तिथे वाजलाय." मग मात्र निघालो.

सातव्या अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर विटांची जुनी इमारत. स्कॉटलंडमधल्या एका विणकराचा मुलगा, अँड्र्यू कार्नेगी, अमेरिकेत पोलादाच्या धंद्यात गडगंज झाला. त्याच्या पैशातून हे सभागृह उभे राहिले. मे १८९१ मध्ये ते सुरू झाले, तेव्हा रशियाचे संगीतकार चायकोव्स्की स्वतः आले होते. आत सुमारे २,८०० माणसे बसतात. आवाज इतका स्वच्छ पोहोचतो, की जगभरच्या कलावंतांना इथे एकदा तरी वाजवावेसे वाटते.

हे सगळे कौतुकाने ऐकत होतो. पुढचे ऐकले आणि मान खाली गेली.

१९६० मध्ये ही इमारत पाडायचे ठरले होते. इथला मुख्य वाद्यवृंद नव्या सभागृहात जाणार होता, आणि मालकाला जागा विकायची होती. तिथे उंच टॉवर येणार होता. व्हायोलिनवादक आयझॅक स्टर्न यांनी माणसे जमवली, सरकारदरबारी खेटे घातले. खास कायदा झाला, शहराने ५० लाख डॉलरला इमारत विकत घेतली आणि ती चालवायला ना-नफा संस्था नेमली. आज मोठ्या सभागृहाला स्टर्न यांचेच नाव आहे.

मान खाली जायचे कारण वेगळे होते. आमच्या मोहल्ल्यात माझ्या वडिलांच्या पिढीने वर्गणी काढून बांधलेले वाचनालय आहे. कौले गळतात, वाचक कमी झालेत. ते पाडून दुकानांचे गाळे काढायच्या ठरावावर विश्वस्त म्हणून मीही सही करून आलो होतो. 'आता कोण वाचतो?' असे मीच म्हणालो होतो. ज्या बाकावर बसून मी मॅट्रिकचा अभ्यास केला, तो बाक तेव्हा मला आठवला नाही.

घरी परतल्यावर पहिल्याच बैठकीत सही मागे घेतली. एक जुने स्नेही चिडले, "अमेरिका बघून आलात, म्हणून आम्हाला शिकवता का?" त्यांचेही खोटे नव्हते. नुसते 'पाडू नका' म्हणून कौले शाकारली जात नाहीत. मी म्हटले, "सहा महिने द्या. दुरुस्तीची वर्गणी मी दारोदार फिरून गोळा करतो. संध्याकाळी मुलांना अभ्यासाला मी बसवतो. नाही जमले, तर पुन्हा सही करतो."

सात विश्वस्तांपैकी चौघे हो म्हणाले. सध्या संध्याकाळी अकरा मुले येतात. मगरिबनंतर दिवा लावायची पाळी माझी आहे.